डोंग्याचा परवाना आणि माझं पोहणं

कोराडीकडं जाताना आमचा तलाव लागतो. त्यात माझा डोंगा चाळीस वर्षं लोकांना फिरवून आणतो आणि एवढ्या वर्षांत एकही माणूस मी भिजू दिला नाही. हे मी छाती काढून सांगतो. एक गोष्ट मात्र कोणाला सांगत नव्हतो. मला पोहता येत नाही. बापानं लहानपणी थेट डोंग्यात बसवून हातात वल्हं दिलं. पाण्यात पडायची वेळच आली नाही, तर पोहायला शिकायचं कशासाठी? हे फक्त बायकोला ठाऊक होतं, आणि भांडणात ती ते बरोबर काढायची.

गेल्या वर्षी सरकारचा कागद आला. समुद्रातल्या जहाजांची होते तशी तपासणी आता तलावातल्या डोंग्यांचीही होणार. परवाना नाही मिळाला तर डोंगा काठावर ओढून ठेवायचा. मी चौथी नापास, तरी अक्षराला अक्षर लावून कागद वाचला. डोंगा काठावर म्हणजे मीही काठावर. घरात बसून बायकोला भाजी निवडून देणारा म्हातारा मला व्हायचं नव्हतं.

साहेब मुंबईहून आले. बंदरातली मोठी जहाजं तपासणारा तरुण माणूस. त्यांनी फळ्या ठोकून पाहिल्या, बुडाला हात लावून ओल पाहिली. मग डोंग्याच्या बाजूला पांढऱ्या रंगाची रेघ मारली.

"काका, ही रेघ पाण्याखाली जाता कामा नये. आठ माणसं. जास्त नाही."

"मुंबईची आठ का आमची आठ, साहेब? आमच्या लग्नातले पाहुणे पाह्यले नाही तुम्ही."

साहेब हसले. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात त्यांनी नारिंगी लाईफ जॅकेटं काढली.

"हे भित्र्या लोकाईचं सोंग हाय," मी म्हटलं. "माह्या डोंग्यात नाही लागत."

साहेबांनी पाण्यातल्या खांबाकडं बोट दाखवलं. "डोंगा चालवणाऱ्याला पोहता आलं पाहिजे. तिथपर्यंत पोहून दाखवा."

बायको जेवणाचा डबा घेऊन काठावर उभी होती, पदर तोंडाला लावून.

"आंघोळ झाली ना जी सकाळीच," मी म्हटलं.

"पुन्हा एकदा होऊ द्या."

"आत्ताच जेवलो साहेब. भरल्या पोटी..."

"डबा त् माह्याच हातात हाय!" बायको ओरडली.

"गप वं!"

"काहून गप? साहेब खोळंबून राहिले ना!"

आता माघार घेणं माझ्या रक्तात नाही. मी जॅकेट उचललं. "साहेब, पोहीन मी. पण हे जॅकेट पास हाय का? समुद्रातलं जॅकेट आमच्या पाण्यात चालते, हे कोणी पाह्यलं? माही तपासणी करता, त् याचीबी करा."

"आत्ता तर ते भित्र्यांचं सोंग होतं."

"म्हणूनच त् पाहा लागते!"

सगळे बंद तीनतीनदा ओढून बांधले आणि डोळे मिटून पाण्यात उतरलो. कढईतल्या पुरीसारखा वर आलो. पाय आपल्या मनानं कुठंकुठं जायला लागले. हातांना एकच काम येतं, ते त्यांनी सुरू केलं : वल्हवणं. वल्हवणारा पाठमोरा बसतो, म्हणून मीही पाठमोराच निघालो, तोंड साहेबांकडं, खांब मागं. डोकं ठणकन खांबावर आपटलं तेव्हा कळलं की पोचलो.

साहेबांनीच दोर टाकून मला ओढून घेतलं. जवळ वाकून हळूच म्हणाले, "काका, तुम्हाला पोहता येत नाही."

"पोचलो का नाही, थे सांगा."

"पोचलात," ते म्हणाले, आणि बराच वेळ लिहीत बसले. परवाना मिळाला. खाली एक ओळ होती : चालकास पोहता येत नाही, जॅकेट घातल्याशिवाय त्याने डोंग्यात पाय ठेवू नये. आणि नियम असा, की परवाना लोकांना दिसेल असा लावायचा.

"साहेब, एवढी ओळ बारीक लिहाची होती."

"बारीकच लिहिली आहे, काका."

परवाना मी लावला. काठावरच्या शेडमध्ये, अगदी छपराखालच्या बल्लीला. दिसतो सगळ्यांना, वाचता येत नाही कोणाला.

आता जॅकेट घातल्याशिवाय मी दोर सोडत नाही, आणि मी घातलं तर दुसऱ्यानं का घालू नये? परवा एक मास्तर अडून बसले. म्हणाले, "मला उत्तम पोहता येतं."

"मंग डोंगा कायले पाह्यजे, गुरुजी?" मी म्हटलं. "आमच्या मांगून पोहत या."

मास्तरांनी सगळे बंद तीनतीनदा ओढून बांधले.