रुद्रेशची विमानतळाची पहिली खेप

पहाटे तीन वाजता रुद्रेश उठला. मी त्याच्या शेजारी राहतो, उदगीरला, मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत. मोंढ्यात छत्तीस वर्षं हमाली केली, त्यामुळे झोप अजूनही तीनलाच मोडते. त्याच्या न्हाणीत पाणी पडल्याचा आवाज आला तेव्हा मी जागा होतो. पुढचं मी बघितलेलं नाही. ते त्याच्याकडून तीन वेळा विचारून घेतलं. तिन्ही वेळा सारखंच आलं म्हणून लिहितो.

रुद्रेश स्वामी, वय चव्वेचाळीस, बदली ड्रायव्हर. म्हणजे कुणाचा ड्रायव्हर लग्नाला गेला किंवा आजारी पडला की त्याच्या जागी बसायचं. एरवी बस स्टँडसमोर उभं राहून फोनची वाट बघायची. महिन्यात दहा-बारा दिवस काम, बाकीचे दिवस उभं राहणं. उभं राहण्याची मजुरी नसते, पण पाय तेवढेच दुखतात.

आप्पासाहेब हे गाडीमालक. त्यांनी आपली पांढरी गाडी एका मोबाइलवाल्या कंपनीला लावली. विमानाने येणाऱ्या माणसाने घरबसल्या गाडी ठरवायची, पैसे आधी भरायचे, आणि तो बाहेर आला की त्याच्या नावाची पाटी धरून ड्रायव्हर उभा. याला प्रायव्हेट ट्रान्सफर म्हणतात. कंपनीने नियमांचा कागद पाठवला होता. पांढरा शर्ट, काळे बूट. प्रवासी बोलला तरच बोलायचं. गाणी नाहीत, उदबत्ती नाही. विमानाच्या दोन तास आधी हजर. गाडीत परका माणूस घ्यायचा नाही, जातानाही नाही आणि येतानाही नाही. शेवटचा नियम मोठ्या अक्षरात होता. ठरलेल्या ठिकाणी उतरल्यावर प्रवासी चार आकडे सांगेल, ते तिथेच मोबाइलमध्ये टाकायचे. आकडे पडले तर खेप झाली. नाही पडले तर खेप झालीच नाही. मग डिझेल मालकाचं बुडालं आणि दिवस ड्रायव्हरचा.

"ही खेप नीट झाली की हप्त्याला तीन खेपा तुझ्या," आप्पासाहेब म्हणाले. "न्हाई झाली तर कंपनी मलाच काढतीय. मग तू हाईस आन् तुझं स्टँड हाय."

एका खेपेचे नऊशे ठरले. रुद्रेशने आदल्या दिवशी बूट दोनदा पुसले.

चारला तो निघाला. गाडी नांदेडच्या विमानतळापर्यंत रिकामी. आपल्याकडे रिकामी गाडी रस्त्याने जाताना दिसणं म्हणजे लोकांना अन्नाची नासाडी बघितल्यासारखं वाटतं. चौघांनी हात केला. चौथा त्याचा सख्खा मेहुणा होता, जळकोटच्या फाट्यावर, दोन पिशव्या घेऊन. रुद्रेशने काच वर केली आणि समोर बघितलं. दहा मिनिटांत बायकोचा, मंजुश्रीचा, फोन आला. ती काय म्हणाली ते त्याने तिन्ही वेळा सांगितलं नाही.

सव्वासातला तो विमानतळाच्या दारासमोर पाटी घेऊन उभा राहिला. विमान साडेनऊचं. सव्वादोन तास पाटी छातीशी धरलेली. मी म्हटलं, खाली का ठेवली नाहीस. म्हणाला, खाली ठेवायचं कागदात लिहिलेलं नव्हतं.

पाटीवर नाव होतं रामलिंग बिरादार. हा मुलगा उदगीरच्या अलीकडच्या एका गावचा, नोकरीला कॅनडात, अकरा वर्षांनी येत होता. आईवडील हयात नाहीत. गावात दोन चुलते. थोरले लक्ष्मणराव, धाकटे श्रीमंतराव. दोघं नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण बांधावरच्या शेवग्याच्या झाडावरून. झाड वाळून चार वर्षं झाली, भांडणाला पाणी घालणं चालू आहे. आणि गावाची रीत अशी की, लांबून आलेला घरचा मुलगा पहिलं पाणी ज्या घरी पितो, त्याला त्या घरचा धरतात. रामलिंगला हे माहीत होतं. म्हणून त्याने कुणालाच त्रास नको म्हणत गाडी ठरवली, तीही गावापर्यंतची नाही, लातूरच्या हॉटेलपर्यंतची. इतकी हुशारी केली आणि विमानाच्या तिकिटाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला.

आठला लक्ष्मणराव जीप घेऊन आले. सोबत सहा माणसं, एक शाल, एक हार. त्यांनी पाटी वाचली आणि रुद्रेशसमोर येऊन थांबले.

"हे तर आमचं पोरगं. तुला कुणी पाठवलं?"

"कंपनीनं."

"कंच्या कंपनीनं? श्रीमंत्यानं कंपनी काढली व्हय?"

रुद्रेशने श्रीमंतराव कोण ते विचारलं. लक्ष्मणरावांना ते ढोंग वाटलं.

साडेआठला श्रीमंतराव आले. जीप, सात माणसं, शाल, हार. त्यांनी काही विचारलं नाही. पाटी बघितली, शर्ट बघितला, बूट बघितले, आणि आपल्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थोरल्यानं बूटबी घेऊन दिलेत."

अर्ध्या तासात रुद्रेश दोन्ही बाजूंचा शत्रू झाला. पाटी हलली नाही.

रामलिंग बाहेर आला तो दोन पेट्या ढकलत. समोर दोन शाली, दोन हार, आणि मधे पाटी. पाया आधी कुणाच्या पडायचं हा पेच त्याने जागेवर सोडवला. दोघांच्या मधे वाकला आणि फरशीला नमस्कार केला. मग अडखळत सांगितलं की आज लातूरला हॉटेलात राहतो, उद्या दोन्ही घरी येतो, गाडीचे पैसे भरलेले आहेत.

"हाटेलात कामून?" लक्ष्मणराव म्हणाले. "आम्ही मेलो का?"

श्रीमंतराव नऊ वर्षांत पहिल्यांदा भावाकडे बघून बोलले. "इचारा की त्याला."

हॉटेल नको, यावर दोघा भावांचं तिथेच एकमत झालं. एवढं एकमत वडिलांच्या तेराव्यालाही नव्हतं. पण पुढे मुलगा बसणार कुणाच्या जीपमध्ये, इथे गाडी अडली. अर्धा तास गेला. एकाने एक पेटी धरली, दुसऱ्याने दुसरी. विमानतळाचे शिपाई बघायला आले. शेवटी लक्ष्मणराव रुद्रेशकडे वळले.

"तू त्याचा न्हाईस?"

"न्हाई."

"माझाबी न्हाईस, ते मला ठावं हाय. मग तुझ्याच गाडीत बसू दे त्याला."

श्रीमंतरावांनाही ते पटलं. अट एवढीच की मुलाला फूस लागू नये म्हणून दोन्हीकडचा एकेक माणूस सोबत. एकेक माणूस म्हणजे ते दोघेच. रुद्रेशने नियम सांगितला, गाडी प्रायव्हेट आहे, दुसरं कोणी चालत नाही.

"आमी प्रायव्हेटच हाव," लक्ष्मणराव दार उघडत म्हणाले. "घरची माणसं."

रामलिंगने मोबाइलवर कंपनीला लिहिलं. कंपनीने दोन माणसांचे जादा पैसे कापून परवानगी दिली. मग मागच्या सीटवर डाव्या हाताला थोरला, उजव्या हाताला धाकटा, आणि मधे, जिथे पाय ठेवायला जागा नसते तिथे, ज्याने पैसे भरले तो. मागे दोन जीपा, त्यात तेरा माणसं.

सीटच्या पाठीमागे कंपनीची पाण्याची बाटली होती. लोहा गावाच्या पुढे रामलिंगने तिला हात लावला. दोन्ही चुलत्यांनी माना वळवल्या. त्याने बाटली होती तिथे ठेवली. उन्हाचे दिवस. गाडीत गारवा होता, पण गारव्याने तहान जात नाही.

घरून फोन येत होते. थोरल्या घरी केवळाबाई, धाकट्या घरी नीलाबाई, दोघी पहाटे चारपासून चुलीपुढे. केवळाबाईंनी पुरण घातलं होतं हे नीलाबाईंना कळलं, तेव्हा त्यांनीही डाळ शिजायला टाकली. प्रत्येक फोनला चुलते सांगत, आलोच. दोघींचे कष्ट या सगळ्या गोंधळात कोणी हिशेबात धरले नाहीत, म्हणून मी इथे धरतो. चार-चार किलो पुरण वाटणं हे पाट्यावर बसणाऱ्यालाच कळतं.

अहमदपूर गेलं. शिरूर ताजबंदला रस्ता फुटतो. सरळ लातूर, डावीकडे उदगीर. दोघं चुलते एकदम म्हणाले, डावीकडे घे. रुद्रेशने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. मागच्या दोन जीपाही थांबल्या.

"गाडी लातूरला जाणार," तो म्हणाला. प्रवासी बोलला तरच बोलायचं हा नियम इथे मोडला. "तिथं हाटेलाच्या दारात नंबर पडतो. हितं पडत न्हाई. नंबर पडू द्या, मग तुमच्या जीपीत बसवा, न्हाई तर खांद्यावर न्या."

लक्ष्मणरावांनी दिवसाचे किती मिळतात ते विचारलं. नऊशे ऐकून खिशात हात घातला. "हे घे. नंबर राहू दे."

श्रीमंतराव म्हणाले, "मी हजार देतो."

"बाराशे."

रुद्रेशने दोघांकडे आरशातून बघितलं. मग मागे वळला. "कुणाचे घेऊ सांगा. ज्याचे घेईन त्याच्या पैशावर पोरगं घरी आलं म्हणतील."

दोन्ही खिसे बंद झाले. कुणाचेच नकोत, यावर भावांचं दुसऱ्यांदा एकमत झालं.

"आन् मला आजचे नकोच हायेत," रुद्रेश म्हणाला. "मला मंगळवारचे पायजेत, गुरुवारचे पायजेत. नंबर न्हाई पडला तर उद्यापासून मी स्टँडवर हाय. तुमी तीनला उठून बघा एकदा."

मोंढ्यात आमचं असंच होतं. पोतं उचललं त्याची मजुरी नाही, अर्ध्यात नेलं त्याचीही नाही. थप्पीला लागलं की मजुरी. अर्ध्यात शेठने हाक मारून परत फिरवलं, तर पाठ आपली दुखायची आणि वहीत काही यायचं नाही. रुद्रेशला हे कुणी शिकवलं नव्हतं. तो गाडी चालू करेना. रामलिंग पहिल्यांदा ठाम आवाजात बोलला, म्हणाला, काका, लातूरला जाऊ द्या त्यांना.

मग तीन गाड्या, सतरा माणसं, पन्नासच्या वर किलोमीटर, हॉटेलच्या दारात चार आकडे दाबण्यासाठी लातूरला गेली. एवढी वरात कुठे चालली असं चाकूरला टपरीवर लोक विचारत होते. जीपवाल्यांनी सांगितलं, नंबर पाडायला.

दोन वाजून वीस मिनिटांनी गाडी हॉटेलच्या दारात लागली. रुद्रेशने आधी मोबाइल पुढे केला, मग पेट्या काढल्या. रामलिंगने आकडे सांगितले. पहिल्यांदा चुकले, कारण श्रीमंतराव त्याच वेळी फोनवर बोलत होते. दुसऱ्यांदा पडले. पडद्यावर हिरवी खूण आली. रुद्रेशने ती खूण जाईपर्यंत मोबाइल हातात धरून ठेवला.

चुलते मुलाला जीपकडे वळवणार तेवढ्यात हॉटेलची एक मुलगी ट्रे घेऊन पायरीपर्यंत आली. छातीवर नाव लावलेलं, वर्षाराणी. येईल त्या पाहुण्याला पाणी द्यायचं, हा तिचा नियम. ट्रेमध्ये तीन ग्लास. रामलिंगने एक उचलला आणि कुणी काही म्हणायच्या आत एका दमात संपवला. मग दुसरा.

दोन्ही जीपांतली तेरा माणसं खाली उतरली. नऊ वर्षं जपलेलं भांडण, दोन शाली, दोन्ही घरचं आठ किलो पुरण, सगळं त्या ग्लासात गेलं. मुलगा हॉटेलचा झाला.

लक्ष्मणराव पायरीवर बसले. मग श्रीमंतराव म्हणाले, "तुमच्या घरी तर न्हाई ना प्याला."

"तुझ्याबी न्हाई," लक्ष्मणराव म्हणाले, आणि ट्रेमधला तिसरा ग्लास उचलला.

दोघांचीही तोंडं हलकी झाली होती, असं रुद्रेश म्हणतो. हरलं कोणीच नव्हतं. आता मुलगा आधी कुठे जेवतो याने काही बिघडत नव्हतं, म्हणून तो संध्याकाळी एका घरी जेवला आणि दुसऱ्या घरी झोपला. कुठल्या घरी काय, हे रुद्रेशने विचारलं नाही. त्याची खेप झाली होती. चुलत्यांनी त्याला चहाला थांब म्हटलं. त्याने गाडी आतून झाडली आणि निघाला. संध्याकाळी पाचला घरी. उठल्यापासून चौदा तास, तीनशे तीस किलोमीटर, दोन वडे, एक चहा.

कंपनी प्रवाशाकडून चांदण्या मागते, पाचपैकी किती. रामलिंगने एकही दिली नाही, विसरला. आप्पासाहेबांना दोन दिवस धाकधूक होती. तिसऱ्या दिवशी कंपनीचा निरोप आला की गुरुवारी पुन्हा नांदेड, साडेनऊचं विमान. तेव्हापासून हप्त्याला तीन खेपा चालू आहेत. मेहुणा अजून बोलत नाही.

पैसे नऊ दिवसांनी आले. आप्पासाहेबांनी मागच्या सीटवरचे हाराच्या फुलांचे डाग आणि धूळ धुण्याचे पन्नास कापले. हातात साडेआठशे. त्याच दिवशी रुद्रेशने गॅसची टाकी भरून आणली. चार महिने रिकामी टाकी कोपऱ्यात उभी होती आणि मंजुश्री पत्र्याखाली चुलीवर स्वयंपाक करत होती. गाडी गल्लीत येत नाही, म्हणून टाकी मी खांद्यावर घेतली. तीस किलोला थोडी कमी. माझ्या वयाला ते ओझं आहे. तिच्या ओट्यापर्यंत नेऊन ठेवली.