वाफ न दिलेले बदाम

कॅन्सर झालेल्या माणसाच्या घरात ज्याला त्याला डॉक्टर व्हायची घाई असते. आमच्याकडं तर चढाओढच लागली होती. कुणी म्हणे गव्हांकुराचा रस द्या, कुणी म्हणे शेळीचं धारोष्ण दूध पाजा. माझ्या दिरानं हैदराबादहून बदाम आणले.

"वहिनी, हे वाफ न दिलेले हायेत बरं का," तो म्हणाला. "दुधाला जसं पाश्चराइज करतेत, तसं आता बदामाला बी करून राहिले. जंतू मरतेत, पण बदाम बी मरतो. हा जिता बदाम हाय. पाण्यात ठिवा, मोड येते का न्हाई बघा."

मोबाइलवर त्यानं व्हिडिओ पण दाखवला. सासूनं तो परत परत लावायला लावला आणि पिशवी पदराखाली घेऊन आत गेली.

मला ते बदाम घरातच नको होते. कारण आदल्याच हप्त्यात नांदेडच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून बजावलं होतं. केमोनं ह्यांच्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्यात. कच्चं काही द्यायचं नाही. कोशिंबीर नाही, चिरून ठेवलेलं फळ नाही, जे द्याल ते शिजवून द्या. आपलं ज्या जंतूनं नुसतं पोट बिघडतं, तो ह्यांचा जीव घेईल. अंगात ताप आला की घरी थांबायचं नाही, तसंच निघायचं.

दिराला मी हे सगळं सांगितलं. "डॉक्टर लोक भेव दाखवतेतच," म्हणाला आणि गेला हैदराबादला. सांगणाऱ्याचं काय जातंय? निस्तरायचं आम्ही.

सासूची रीत ठरलेली. तिन्हीसांजेला बदाम भिजवायचे, सकाळी आपल्या हातानं सोलायचे आणि अनशापोटी लेकाच्या तोंडात घालायचे. साखरा गावात शेळ्या राखत होती तेव्हापासूनची तिची ही रीत. लेकाची परीक्षा आली की दूध विकून मूठभर बदाम आणायची. ह्यांची नोकरी त्या बदामांनी लागली असं ती अजून सांगते. अशा बाईला पांढऱ्या पेशी काय समजावून सांगणार? सांगून बघितलं. "बदामानं कुणी मेलं का आजवर?" हे तिचं उत्तर.

मग मी ठरवलं, वाफ दिलेले बदाम आणून पिशवीत गुपचूप अदलाबदल करायची. कळमनुरीच्या बाजारात सुक्या मेव्याचं जुनं दुकान आहे, तिथं गेले. दुकानदार चाचा पिकल्या दाढीचे, आमच्या घरचे माहितीतले. म्हटलं, "चाचा, ह्या बदामाला वाफ दिलेली हाय का?"

"तौबा, भाभी! एकदम कच्चा माल. आगीची झळ बी लागली न्हाई."

"अहो, मला झळ लागलेलाच पायजे!"

मग मी घरची तकलीफ सांगितली, तसा त्यांनी हातातला तराजू खाली ठेवला. "मग खोटं न्हाई बोलत. गोणी येते, मी सोडतो, इकतो. वाफ दिली का न्हाई दिली, मलाच कुठं ठावं? घरी नेऊन उकळून घ्या, भाभी. दुसरा इलाज न्हाई."

तेच केलं. सासू बदाम भिजवून शेळ्यांकडं गेली की मी वाटी उचलायची, बदाम पातेल्यात टाकून चांगले खळखळ उकळायचे आणि गार करून परत वाटीत, ताज्या पाण्यात. आपल्याच घरात चोरासारखं वागायची पाळी आली होती माझ्यावर.

थोडे दिवस निभलं. मग एका सकाळी सासूनं बदाम चिमटीत धरला आणि तिचा हात तिथंच थांबला.

"काहून गं, साल अशी सुळकन सुटून राहिली?"

मी चुलीकडं तोंड फिरवलं. तिनं बदाम दाताखाली धरला, चावला, हातावर थुंकला.

"उकडलास तू."

"व्हय, उकडले. रोज उकडणार."

"शेंगा हायेत का ह्या? आजारी लेकाच्या तोंडात चोथा घालून राहिले मी, आन् तू गंमत बघून राहिलीस?"

"आत्या, तुमाला लेक पायजे का बदाम?" मी म्हटलं. माझी जीभ अशीच. बोलून मोकळी झाले.

तिनं वाटी अंगणात भिरकावली. त्या दिवसापासून बदामाची पिशवी घरात दिसली नाही, आणि सासू माझ्याशी बोलली नाही. मी म्हटलं, बोलेना तर बोलेना, बदाम तर गेले. मला वाटलं मी जिंकले.

एका दुपारी ह्यांना हुडहुडी भरली. कपाळाला हात लावला तर चटका बसला. शेजारच्याची गाडी काढली, ह्यांना मागं आडवं केलं आणि नांदेडला निघालो. सासू पुढं बसली होती, मागं वळून बघत नव्हती. वाटभर एकच विचार, असं काय खाल्लं ह्यांनी? सगळं तर मी शिजवलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तेच विचारलं. हे डोळे मिटूनच म्हणाले, "माय बदाम देत होती. ही शेळ्यांना पाणी पाजायला गेली की."

"आन् तुमी खात होता?" मी ओरडलेच.

"तिचं मन मोडवत न्हाई गं."

मन! इथं माणूस हातचा चालला होता आणि ह्यांना आईचं मन पडलं होतं! त्या दोघांना तिथंच सोडून कुठंतरी निघून जावं असं वाटलं मला.

रक्त तपासलं, सलाइनमधून औषध सुरू झालं. जंतू बदामातूनच आला की आणखी कुठून, ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. सासू दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिली. चहाही घेईना. मी तिच्यासमोरून जायचे आणि काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवायचे. एकदा ह्यांना बरं वाटू दे, मग बघते, असं.

शेवटी एका सकाळी नर्स बाहेर आली आणि म्हणाली, रात्रभर ताप नाही, आता भीती नाही. मी भिंतीला टेकून रडले. सासू रडली नाही. नर्स आत जाईपर्यंत थांबली आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"माझ्या हातानं झालं का गं हे?"

जुळवून ठेवलेलं सगळं जिभेवर आलं होतं. तिनं बदाम सोलायचा हात माझ्यापुढं उघडा धरला होता.

"न्हाई, आत्या," मी म्हटलं. "तुमच्यानं न्हाई झालं."

"खोटं बोलून राहिलीस," ती म्हणाली. मग माझं मनगट घट्ट धरलं. "पण आणखी एकदा म्हण."

मी आणखी एकदा म्हटलं.