सगळ्यांनाच प्रशिया व्हायचंय

अरुण गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा घेत होतो. खोटं कशाला बोलू... माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की शोकसंदेश आपल्या मंडळाकडून सगळ्यांत आधी जायला हवा. रडू नंतर आलं. दीड महिना झाला, त्या विचाराची लाज अजून गेलेली नाही.

मेलबर्नच्या पश्चिमेला आम्हा मराठी माणसांची तीन मंडळं. तीन गणपती, तीन दिवाळ्या. मी त्यांतल्या एकाचा सेक्रेटरी. पॉइंट कुकला राहणारा अरुण कुठल्याच मंडळाचा नव्हता. पेशाने इंजिनिअर, वेड मात्र जर्मनीच्या इतिहासाचं. पस्तीस-चाळीस संस्थानांचा एक देश कसा झाला, हे तो बार्बेक्यूवर सॉसेज उलटता उलटता सांगायचा आणि आम्ही 'जर्मनीचे जावई' म्हणून त्याची टर उडवायचो.

"अरे, आधी जकात नाके उठले, झेंडा मागाहून आला. माल मोकळा फिरला, मग माणसं जवळ आली."

"आणि लढाया?" मी विचारायचो.

"त्याही झाल्या. फ्रान्सशी जुंपली तेव्हा सगळे एका बाजूला उभे राहिले. समोर शत्रू लागतोच रे."

लॉकडाउन लागला आणि अरुणला वाटलं, शत्रू आयताच चालून आलाय. शिकायला आलेल्या मुलांच्या शिफ्ट्स बंद पडल्या होत्या. तिन्ही मंडळं त्यांना डबे पोचवत होती. एका घरी तीन डबे, शेजारच्या घरी एकही नाही. अरुणने आम्हा तिघा सेक्रेटरींच्या मागे लागून याद्या एकत्र केल्या. तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. कोण कुठल्या मंडळाचा, हे कुणी विचारलं नाही. इतक्या वर्षांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मग मी माती खाल्ली. "डब्यांवर आमचा स्टिकर हवा. निम्मा स्वयंपाक आमच्या लोकांचा आहे," मी त्याला फोनवर सांगितलं.

"मेट," तो इथल्या ऑस्ट्रेलियन ढंगात म्हणाला, "पोरं स्टिकर खाणार आहेत का?"

"मेंबर्स विचारतात मला."

"सगळ्यांनाच प्रशिया व्हायचंय," तो एवढंच म्हणाला. प्रशिया म्हणजे त्या जर्मन संस्थानांतलं सगळ्यांत दांडगं संस्थान, बाकीच्यांना आपल्यात ओढणारं. मी त्याच दिवशी आमची यादी काढून घेतली. आठवड्याभरात उरलेल्या दोघांनीही काढली. अरुण भांडला नाही. जमेल तितक्या घरांना तो आणि वहिनी डबे देत राहिले. मला मात्र त्याने पुन्हा फोन केला नाही, आणि मीही... दोन महिन्यांनी हार्ट अटॅक. अंत्यसंस्काराला दहाच माणसांची परवानगी होती. त्या दहांत मी नव्हतो.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी चारला आमची ऑनलाइन शोकसभा. दुसऱ्या मंडळाचीही चारलाच. तिसऱ्याचीही. वेळ बदलायला कुणी तयार नव्हतं, मीसुद्धा नाही. चारला पाच कमी असताना वहिनींचा फोन आला. अरुणच्या खोलीत, त्याच्या खुर्चीवर, त्याचाच लॅपटॉप उघडून त्या बसल्या होत्या.

"भाऊजी, तीन लिंक आल्यात. मी ह्यांच्या कुठल्या सभेला बसू?"

निदान तेव्हा तरी मला म्हणता आलं असतं, थांबा वहिनी, मी त्या दोघांना फोन लावतो... मी त्यांना आमची लिंक पुन्हा पाठवली.