मागच्या खोलीतली उमाणी

वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे सदर मी नेमानं वाचते, आणि वाचून झालं की नवऱ्याला म्हणते, "लोकांना काही उद्योग नाहीत." त्यामुळे आज मीच लिहायला बसलेली बघून तो चष्म्याआडून हसतोय. हसू दे. मी इतिहासाची एम.ए. आहे. पुरावा दाखवा, मग बोला — हा माझा खाक्या. भूतखेत, भानामती, अंगात येणं, असल्या गोष्टींना मी कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. आजही घेत नाही. पण ही एक गोष्ट मात्र माझ्याच बाबतीत घडली, त्यामुळे कुणाला वेड्यात काढायचं तेच कळत नाही...

आणि आधीच सांगते — यात घाबरण्यासारखं काही नाही. मला भीती एकदाही वाटली नाही. मला मत्सर वाटला. नुसता जळफळाट झाला.

नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं. मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर इस्लामपूरला आले. तिथं बाजाराच्या मागच्या अंगाला एक रिकामं गुळाचं गोदाम होतं. एका संस्थेनं त्यात छोटंसं संग्रहालय काढलं आणि ते चालवायला मला नेमलं. तीन खोल्या, एकामागं एक. पहिलीत नाणी आणि मोडी कागद. दुसरीत तलवारी, ढाली, पट्टे — हा माझा जीव की प्राण. तिसरीत, म्हणजे मागच्या खोलीत, आसपासच्या घरांतून आलेलं जुनं घरसामान : जातं, रवी, धान्य मापायची पायली, विहिरीतून पाणी काढायची चामड्याची मोट, एक लाकडी पाळणा. खरं सांगायचं तर ती खोली मी भरायची म्हणून भरली होती. तिथं पाट्यासुद्धा नीट लावल्या नव्हत्या.

शाळांच्या सहली यायच्या. मी तलवारीपुढं उभी राहून मन लावून सांगायचे. पोरं माना डोलवायची, एकमेकांना चिमटे काढायची, आणि "काय शंका?" विचारलं की मागून एखादं म्हणायचं, "बाई, मुतायला कुटं जायचं?" मला वाईट वाटायचं, पण वाटायचं, होईल हळूहळू. पोरांना इतिहासाची गोडी लावायची, एवढं एकच मला आयुष्यात करायचं होतं. बाकी माझं काही मागणं नव्हतं.

मग एका हिवाळ्यात काय झालं कोण जाणे, पोरं आपणहून यायला लागली. शाळा सुटली की दप्तरासकट. मला आनंदानं भरून आलं. पण ती माझ्यासमोरून सुसाट जायची, तलवारींकडं ढुंकूनही न बघता, आणि थेट मागच्या खोलीत घुसायची. आत हसणं, खुसफूस, मधेच एखादी आरोळी — "सुटलं रं सुटलं!" मी गेले की सगळी चिडीचूप.

त्यात सुजाता नावाची एक पोर होती. सातवीतली, दोन घट्ट वेण्या, वडील मिलिटरीत. ती पुढारीण. तिला मी विचारलं, "काय चालतं गं आत?"

"उमाणी घालती की आजी."

उमाणं म्हणजे कोडं, एवढं मला माहीत होतं. "कसली उमाणी?"

तिनं धडाधड म्हणून दाखवलं. "आंग कातड्याचं, जीव न्हाई, हिरीत बुडतंय, मरत न्हाई. वळखा, बाई."

मला येईना. ती खूश होऊन म्हणाली, "मोट!" आणि लगेच पुढचं. "पोटभर खातंय, पोटभर वकतंय, तरी आपलं उपाशी. — पायली."

मला कौतुक वाटायला हवं होतं. पण माझ्या पोटात दुखलं. कोण ही आजी? आणि माझ्या म्युझियममध्ये, माझ्या परवानगीशिवाय? झाडलोट मी करायची, वर्गणीसाठी दारोदार मी फिरायचं, आणि ही आयत्या बिळावर नागोबा.

माझा संशय सरळ कमलताईंवर गेला. त्या खोलीतलं बरंचसं सामान त्यांच्याच घरचं. साठीच्या बाई, ऊसवाल्या घरातल्या, बोलायला गोड. दुपारच्या कधीकधी यायच्या, पाळण्यावरून हात फिरवायच्या, माझ्याशी चार शब्द बोलून जायच्या. म्हटलं, ह्याच. मागल्या दारानं येऊन पोरं फोडताहेत. तेव्हापासून त्या आल्या की मी चहा विचारायचं बंद केलं. मागल्या दाराला आतून अडसर असायचा आणि तो कायम लावलेला असायचा, हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण जळणाऱ्या माणसाला अडसर कुठला दिसतोय...

याच सुमाराला शिक्षणखात्यातले एक साहेब भेट द्यायला आले. पोरं मागच्या खोलीत रंगली होती. साहेब दारातून बघून परत आले आणि म्हणाले, "मॅडम, ही टेपची आयडिया झकास आहे. म्हातारीचा आवाज कुठून रेकॉर्ड केलात?"

मी म्हटलं, "टेप नाही आमच्याकडं."

ते हसले. "सीक्रेट दिसतंय," म्हणाले आणि शेरेबुकात माझं तोंडभर कौतुक लिहून गेले. साहेबांनासुद्धा ऐकू आलं. मी त्यांच्या शेजारी उभी होते, आणि मला पोरांच्या हसण्यापलीकडं काही ऐकू आलं नव्हतं. हे कळायला मला रात्रीचा भात पानात निवेपर्यंत वेळ लागला, कारण तोवर मी एवढाच विचार करत होते की मला मिळालेलं कौतुकही तिच्याच जिवावरचं.

मग मीही उमाणी रचली. हो, रचली. म्हटलं, तू काय एकटीच शहाणी? पोरांना तलवारीपुढं बसवलं आणि म्हटलं, "धार माझी तीक्ष्ण, म्यान माझं घर, वीरांच्या हाती शोभते, ओळखा बरं सत्वर."

सुजाता कंटाळून म्हणाली, "तलवार. आवं बाई, म्यान म्हनल्यावर कळतंय की." आणि सगळी उठून मागं गेली.

एके दिवशी सुजाताची आई तणतणत आली. "बाई, तुमी काय शिकवताय पोरांला? पोरगी मामाच्या गावाला जाईना झालीया. यात्रा हाय तासगावला, भाऊ न्यायला आलाय, आन् ही म्हनती, ते गाव आता आपलं न्हाई, मी दिऊन टाकलं."

मला काही समजेना. शेवटी तिनंच सांगितलं. उमाणं घालताना रीत असते : ज्याला सुटणार नाही त्यानं गाव द्यायचं. "हरलो, घे तासगाव," असं म्हणायचं, मग उत्तर मिळतं. खेळच तो. पण ह्या आजीनं म्हणे आणखी एक नियम लावला होता. न बघितलेलं गाव चालणार नाही. मुंबई, दिल्ली नाही चालायचं. ज्या गावात पाय ठेवलाय तेच द्यायचं. तरीच पोरं बाहेर पडताना हिशेब करायची — माझं लोणंद गेलं, माझं कराड गेलं — आणि मला वाटायचं भूगोलाचा अभ्यास करताहेत.

मी सुजाताला जवळ घेतलं. म्हटलं, "हा खेळ आहे बाळा. जा तू मामाकडं. मी देते तुझं गाव तुला परत."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "तुमी कशा देनार? तुमच्याकडं हाय का ते?"

त्या पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी ती नाचत आली. म्हणाली, आजीनं परत दिलं. आजी म्हणाली, मामाचं गाव कुनी द्यायचं नसतंय. आणि ती यात्रेला गेलीसुद्धा.

आता मात्र मी कमलताईंचं घर गाठलं. भांडायचं ठरवूनच गेले होते. दाराला सून आली, तिच्याकडून कळलं : कमलताई महिनाभर कोरेगावला होत्या, लेकीच्या बाळंतपणाला, आदल्या संध्याकाळीच परतल्या होत्या. मी तोंडातले शब्द गिळले. तरी बसल्यावर विचारलंच, "तुमच्या घरात उमाणी कुणाला यायची हो? तुमच्या सासूबाईंना?"

कमलताई चहाचा कप ठेवून म्हणाल्या, "आत्याबाईंना? आवं, त्या जलमाच्या मुक्या हुत्या."



"ऐकू समदं यायचं," त्या म्हणाल्या. "पोरं आंगनात खेळत आसली की आत्याबाई जात्याजवळ बसून बघत ऱ्हायच्या, तुमाला दिलंय त्येच जातं. ओठ हलायचं नुसतं. आमी हसायचो... का वं, कुनी इचारलं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. उगाच काय सांगायचं होतं? माझा तर अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. आणि पायली एका घरची, मोट दुसऱ्या गावची. कशाचा कशाशी मेळ लावायचा म्हटला तर पुरावा कुठं होता?

माणसानं तिथं थांबायला हवं. मी थांबले नाही. परत आले आणि मागच्या खोलीला कुलूप ठोकलं. दुरुस्ती चालू, अशी पाटी लावली. पोरं आली, पाटी वाचली, आणि कुलपासमोर मांडी घालून बसली. दाराकडं तोंड करून. थोड्या वेळानं खिदळायला लागली, बोटं वर करायला लागली. "मी सांगू? मी सांगू?"

मी त्यांच्यातून वाट काढून दाराला कान लावला. नुसतं लाकूड. पोरं माझ्याकडं बघत होती, आणि एक बारकं पोर शेजारच्याला हळूच म्हणालं, "बाईंला ऐकू येत न्हाई व्हय रं?"

मी कुलूप काढलं. ती सगळी घरी गेल्यावर, उन्हं अजून खिडकीत होती तेव्हा, मी आत जाऊन जमिनीवर बसले. जात्यासमोर. इतिहासाची एम.ए. बाई, कडक इस्त्रीची साडी, आणि जात्याशी बोलतेय. म्हटलं, "घाल मला एक. सोपं नको, अवघडच घाल. मी गाव देईन. सातारा देते, घे." साताऱ्याहून मोठं माझ्याकडं काय होतं? माझं माहेर, माझी शाळा, सगळं त्यात होतं. मी बराच वेळ बसले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाकी काही नाही. मला तेव्हा रडू आलं, आणि रडताना राग आला की हिला माझा सातारासुद्धा नको.

पुढं वर्षा-दोन वर्षांत संस्थेचं लक्ष उडालं. गोदाम विकायचं ठरलं. नाणी, तलवारी दुसऱ्या संग्रहालयात गेल्या, घरसामान ज्याचं त्याच्या घरी परत. जातं उचलताना मीच जवळ उभी होते. दोन गडी लागले. काही झालं नाही. मी एका शाळेत शिकवायला लागले आणि माझ्या वर्गातही पोरं एकमेकांना चिमटे काढत राहिली.

दशक उलटल्यावर एकदा सांगलीला एसटी स्टँडवर कुणीतरी वाकून पाया पडलं. सुजाता. डी.एड.ला होती, वेण्या जाऊन एक शेपटा आला होता. आम्ही बाकड्यावर बसलो. तिची गाडी लागायची होती. इकडचं तिकडचं झालं, आणि मग मला राहवेना. म्हटलं, "ती आजी कोण होती गं?"

"ठावं न्हाई, बाई. आमाला वाटायचं तुमीच ठिवलीया." मग तीच म्हणाली, "तुमच्यावरबी एक उमाणं घातलं हुतं तिनं. गोदाम बंद व्हायच्या आधी. शेवटचंच ते."

"काय?"

सुजातानं आठवून, एकेक शब्द जागच्या जागी ठेवत म्हटलं, "दिसभर ती बोलती, मला ऐकू येतं. दिसभर मी बोलती, तिला ऐकू येत न्हाई. सांगा कोन?"

स्टँडवर गाड्यांचा गोंगाट होता, तरी मला प्रत्येक शब्द लागला.

"कुनालाच सुटलं न्हाई," ती म्हणाली. "समद्यांनी गावं दिली. मग तिनं सांगितलं — तुमच्या बाई."

मी विचारलं, "हसली का गं ती?"

"न्हाई. लई येळ गप बसली. मग म्हनली, आज आता फुरं, जावा घरला." तेवढ्यात तिची गाडी लागली आणि ती पिशवी उचलून पळाली.

आता वाचक विचारतील, याचा अर्थ काय? मला माहीत नाही. मुक्या बाईला वाचा कुठून फुटली, साहेबाला ऐकू आलं ते मला का नाही, सगळ्या पोरांना एकच भास कसा झाला... पुरावा कशाचाच नाही. मी अजूनही भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. एवढंच बदललंय की पूर्वी मला तिचा हेवा वाटायचा. आता त्या पोरांचा वाटतो.