क्रेटच्या पोटातले रवे

कामशेतजवळच्या आमच्या कारखान्यात भाजीचे क्रेट निघतात. दोन जातींचा प्लास्टिकचा दाणा एकत्र वितळवायचा, साच्यात दाबायचा, गार करून काढायचा. क्रेट तपासायचं काम माझं. गेल्या मे महिन्यात दुपारचे क्रेट जरा आपटले तरी तडकायला लागले. मशीन चालवणारे चाचा म्हणाले, "मॅडम, टाकीतलं पाणी लय तापलंय. साचा गार व्हत न्हाई."

मी टाकीपेक्षा तापलेली. "दाणा मिसळायला चुकलात, आता पाण्यावर ढकलू नका," असं सुनावून मी अहवाल लिहून टाकला : चूक ऑपरेटरची. तो मालकांकडे गेला की चाचांची नोकरी जाणार, हे मला ठाऊक होतं.

अहवालाला पुरावा हवा, म्हणून सकाळच्या चांगल्या आणि दुपारच्या तडकलेल्या क्रेटचे तुकडे घेऊन लोणावळ्याला मैत्रिणीच्या कॉलेजात गेले. तिने दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. "मिश्रण दोन्हींत सारखंच आहे," ती म्हणाली. मला पटेना. मग तिने पापुद्र्यासारखा एक काप काचेवर वितळवला आणि सावकाश गार होऊ दिला.

मी डोळा लावला. आधी नुसता अंधार. त्या खास भिंगांतून फक्त थिजलेले रवेच उजळतात. मग एका रव्याचा ठिपका उजळला, गोल वाढत गेला, त्याच्या अंगावर काळी फुली. मग दुसरा, दहावा. वाढत वाढत ते एकमेकांना भिडले आणि भिडले तिथे शेताच्या बांधासारख्या सरळ रेघा पडल्या. दुसऱ्या प्लास्टिकचे बारीक थेंब जागच्या जागी त्यांत अडकून बसले. कुणी आखून दिलं नव्हतं. इतकी वर्षं मी ज्याला क्रेट म्हणून आपटत होते, त्याच्या आत हे घडतं, या विचाराने मला भरून आलं.

तोच काप तिने पुन्हा वितळवून झटकन गार केला. आता असंख्य बारके रवे आले, दाट. तूप सावकाश थिजलं की रवाळ होतं, झटकन थिजलं की होत नाही, तसंच हे. फक्त इथे रवे मोठे झाले की त्यांच्या बांधांवरून तडा सरसर धावतो. दुपारच्या तुकड्यांत असेच मोठे रवे होते, म्हणजे साचा उशिरा गार होत होता. चाचा म्हणत होते तेच.

अहवाल फाडला. नव्यात पाण्याचं लिहिलं, आणि ते आधी कोणी सांगितलं होतं तेही. सुट्टीच्या दिवशी चाचांना कॉलेजात नेलं. मैत्रिणीने पुन्हा एक काप वितळवून ठेवला आणि ते बराच वेळ वाकून बघत राहिले.

"चाचा, माझं चुकलं. मी तुमच्या पोटावर पाय देणार होते."

त्यांनी डोळा न काढता हात वर केला. "थांबा मॅडम. आजून वाडतंय."