कोणासंगं गेली?

वडीगोद्रीच्या फाट्यावर जीपमधून उतरले तेव्हा माझ्या अंगावर शाळेचा ड्रेस होता आणि दप्तरात पुस्तकांऐवजी दोन ड्रेस. पुण्याकडची गाडी कुठं मिळते, एवढंच मी टपरीवाल्याला विचारलं. त्यानं माझ्याकडं न बघताच संभाजीनगरच्या एसटीकडं बोट दाखवलं. मी चढले. मागं वळून वगैरे काही बघितलं नाही. बघण्यासारखं कोणी उभंच नव्हतं.

तुम्ही सगळे, गावातले आणि भावकीतले, इतकी वर्षं एकच विचारत आलात: पोरीला काय कमी होतं? खरंच, काही कमी नव्हतं. माझी आई मी लहान असताना वारली, अण्णांनी दुसरं लग्न केलं, नव्या आईला श्रुती आणि ओम झाले. तिनं मला मारलं नाही, शिळं वाढलं नाही. फक्त त्या घरात मी नसते तरी चाललं असतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी ते लपवायचीही तसदी घेतली नाही. ओमला ताप आला तर अण्णा त्याला घेऊन अंबडला पळायचे. मला आला तर म्हणायचे, "झोपून राह्य, उतरंल."

मग ट्रॅक्टर आला. आपल्याकडं नवी ट्रॉली आली की मागं लेकरांची नावं रंगवतात, सगळं शिवार ती वाचतं. पेंटर अंगणात बसून 'ओम' आणि 'श्रुती' लिहीत होता, मी त्याला चहा घेऊन गेले. शेजारी बरीच जागा उरली होती. त्यानं अण्णांना विचारलं, आणखी कोणाचं टाकायचं? अण्णांनी माझ्याकडं बघितलं. चुकून विसरले असते तर मी आजही त्या घरात असते. पण ते बघून म्हणाले, "न्हाई, बस. बराबर झालं." उरलेल्या जागेत पेंटरनं मोर काढला. चांगला काढला होता, मेल्यानं.

त्याच आठवड्यात मी चाकणला मावशीकडं निघून गेले. आणि तुम्ही काय केलंत? मावशीकडूनच मला सगळं कळलं. अण्णा आणि चुलते मला शोधायला निघालेच नाहीत. ते गावातली पोरं मोजायला निघाले. कोणाचा पोरगा घरी नाही, कोणाची मोटारसायकल दिसत नाही, दारोदार जाऊन बघितलं. सगळी पोरं जागेवर सापडली आणि शोध संपला. दुसऱ्या दिवशी मावशीनं फोन करून सांगितलं की पोरगी माझ्याकडं आहे, एकटीच आलीय. अण्णा म्हणाले, "एकटी पोरगी कशाला पळंल? कोणीतरी असंलच. राहू द्या तिकडंच."

राहिले. मावशी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची, त्यावर मला तिनं पुढं शिकवलं. आता मी त्याच कंपनीत क्वालिटी तपासायला आहे. सेकंड शिफ्ट सुटून बस उशिरा आली की तिचा फोन येतो, कुठं उलथलीस म्हणून. रूमवर पोचेपर्यंत शिव्या देते आणि मग ताट वाढते. आपल्यासाठी कोणीतरी वैतागून बसलंय, याला घर म्हणतात हे मला चाकणला येऊन कळलं. तुमच्या चिरेबंदी घरात माझ्यावर कोणी वैतागलंसुद्धा नाही.

मागच्या महिन्यात अण्णांचा फोन आला. पहिलाच. तब्येत विचारतील असं मला वाटलं, इतकी मी अजून मूर्ख आहे. मी गेले तेव्हा श्रुती तिसरीत होती, आता तिचं लग्न जमत आलंय.

"पाव्हणे विचारून राह्यलेत," अण्णा म्हणाले. "मोठी कोणासंगं गेल्ती म्हणून. आता तरी खरं सांग. कोण होता तो?"

"तुम्हीच होता, अण्णा. तुमच्यामुळं गेले."

पलीकडं त्यांनी टीव्ही बंद केला. मला वाटलं, पोचलं. मग त्यांनी विचारलं,

"ते ठीकय. पण पाव्हण्यांला काय सांगू?"

"सांगा, एकटीच गेल्ती. आणि आणायला कोणी गेलं न्हाई."