बर्फातली बॅटरी

आईची स्कूटर पुलाच्या चढावर बंद पडली, हे फोनवर तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा मला काळजीआधी राग आला. स्कूटरची बॅटरी आमच्या वालीवच्या कारखान्यात बनलेली आणि तिची शेवटची तपासणी मीच केलेली. म्हणजे ही तक्रार थेट माझ्याच नावावर होती.

आई पाचूबंदरला राहते, घरोघर मासळी विकते. गुडघे इतके दुखायला लागले की डॉक्टरांनी डोक्यावर टोपली घ्यायला बंदी घातली. गिऱ्हाइकं सोडून घरी बसली असती तर ती आजारीच पडली असती, म्हणून मी हट्टाने तिला ही विजेवरची स्कूटर घ्यायला लावली. दोन महिने झकास पळाली. एप्रिल तापला तसं मी फोनवरून शहाणपण शिकवलं, की गरमीने बॅटरी लवकर म्हातारी होते, तिला जप. आणि तेव्हापासूनच हे नाटक सुरू झालं. भल्या सकाळी सपाट रस्त्यावर ठीक, चढ आला की मान टाकायची; ऊन वर आलं की पुन्हा शहाण्यासारखी चालायची. "आता उद्यापासून मी आपली टोपलीच घेनार," असं आईने शनिवारी सांगून टाकलं.

रविवारी उजाडताच मी पोचले. वायरी पाहिल्या, चाकं फिरवली, ब्रेक तपासले. बॅटरीचा कप्पा मात्र रिकामा होता.

"बॅटरी कुठंय?"

आईने शांतपणे मासळीच्या पेटीचं झाकण उघडलं. बर्फाच्या थरात, तीन पिशव्यांत गुंडाळलेली माझी बॅटरी पापलेटांच्या शेजारी आडवी झोपली होती. रोज संध्याकाळी चार्ज करून आई तिला तिथे निजवत होती!

"अगं, हे काय केलंस?" मी ओरडलेच.

"गरमीन म्हावरा नासतं, तं बॅटरी नाय नासनार? चांगली मोठ्या सरंग्याची जागा दिली तिला. तुझ्या हातची वस्तू, खराब झाली असती तं?"

 ज्या जागेवर तिचं सगळ्यात महागडं पापलेट ठेवलं जातं, ती तिने या काळ्या ठोकळ्याला दिली होती. आणि मी मात्र फोनवर अर्धवट अक्कल वाटून मोकळी झाले होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

समजवायचं कसं? कारखान्यातले शब्द मनात आले तसेच गिळले. "आई, पहाटे बर्फातून हात काढून लगेच कोळंबी सोलायला बसलीस तर?"

"बोटं चालत नाय."

"कोळंबी तर तेवढीच असते ना? बॅटरीचंही तसंच. वीज आत असते, पण गारठ्यात ती भराभर बाहेर येत नाही. सपाट रस्त्याला थोडी पुरते, चढाला एकदम लागते."

आईने मान डोलावली. मग लगेच, "तं उन्हान ठेवू? सुकत घातलेल्या बोंबलांच्या बाजूला?"

"नको! सावलीत, घरात, माणसांसारखी ठेव."

बॅटरी पुसून आम्ही ओटीवर ठेवली आणि तिचा गारठा जाईस्तोवर, दहा वाजेपर्यंत वाट पाहिली. आईची चुळबूळ चालली होती. उशीर झाला तर गिऱ्हाईक दुसरीकडून घेईल, हे ती मला चार वेळा सांगून गेली. शेवटी पेटी बांधून ती निघाली. मी मागून रिक्षाने. पुलाशी मी रिक्षातून बाहेर वाकून पाहू लागले. चढ आला, स्कूटर जराशी गुरगुरली आणि आई पदर उडवत सरळ वर गेली, पलीकडे उतरली. माझ्यासाठी थांबलीसुद्धा नाही.

मी गाठलं तेव्हा ती एका सोसायटीच्या फाटकाशी पापलेट तोलत होती. तिथल्या गिऱ्हाईक बाईंनी उशीर का झाला विचारल्यावर आई ऐटीत म्हणाली, "बॅटरीला थंडी बाधली होती. मीच आजारी पाडली तिला. पोरीन बनवलीय ती, तिच्यान काय खोट नाय."